पुरुष जननेंद्रियाच्या त्वचेतील बदल : निदानाचा इतिहास

पुरुषाचे शिश्न, शिश्नमणी, त्यावरील अग्रत्वचा व मुष्क (वृषणांची पिशवी) यांच्या त्वचेत आयुष्यभर निरनिराळे बदल होत असतात. त्यांपैकी बहुतेक शरीररचनेचाच भाग असतात किंवा आपोआप नाहीसे होतात. काही संसर्गजन्य रोगांमुळे उद्भवतात. तर थोडे कर्करोगाची अथवा त्याच्या पूर्वावस्थेची सूचना देणारे असतात. हे तीन गट एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची विद्या सुमारे दोन हजार वर्षांत टप्प्याटप्प्याने सिद्ध झाली. या ओळखीतील चूक दोन्ही बाजूंनी अनर्थ घडविते. निरुपद्रवी खुणेला रोग समजणारा तरुण भीतीने खंगतो व भोंदू वैद्याच्या हाती सापडतो. खऱ्या रोगाला किरकोळ पुरळ समजणारा किंवा लाजेपोटी तो लपविणारा मनुष्य अवयव आणि प्रसंगी प्राणही गमावतो. प्राचीन बंदर, लोहमार्गाचे जंक्शन, औद्योगिक वसाहत व आजचे दाट लोकवस्तीचे नागरी क्षेत्र अशी स्थित्यंतरे पाहिलेल्या ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरात या इतिहासाचे बहुतेक टप्पे जवळून पाहावयास मिळतात.

प्राचीन वर्णने : या विषयाचे भारतातील सर्वांत तपशीलवार प्राचीन विवेचन सुश्रुतसंहितेत आढळते. निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वृद्धी व श्लीपद (हत्तीरोग) यांच्याबरोबर उपदंशाचे वर्णन असून तेराव्या अध्यायातील क्षुद्ररोगांत अग्रत्वचेच्या तीन विकारांचा समावेश आहे. मागे सरकलेली अग्रत्वचा पुढे न येता शिश्नमण्यामागे अडकून सुजणे ही परिवर्तिका, अग्रत्वचा फाटणे ही अवपाटिका व तिचे तोंड आकुंचित होऊन मूत्रप्रवाहास अडथळा येणे हा निरुद्धप्रकश होय. निरुद्धप्रकशावर लोखंडाची, लाकडाची वा लाखेची स्निग्ध केलेली नळी घालून तोंड क्रमाक्रमाने रुंद करण्याचा उपाय चिकित्सास्थानात सांगितला आहे. शिश्नाच्या खालच्या अंगाला मध्यरेषेवर दिसणारी उंचवट्याची रेषा सुश्रुताने शरीरातील सात सेवनींत गणली आहे. ही रेषा म्हणजे रोग नव्हे, तर गर्भावस्थेत दोन बाजू जुळून आल्याची खूण आहे, हे आधुनिक गर्भविज्ञानानेही दाखवून दिले आहे.

चौदाव्या अध्यायातील शूकदोषांचे विवेचन विशेष उद्बोधक आहे. अवयवाची वृद्धी व्हावी या इच्छेने शूकयुक्त दाहक द्रव्यांचे लेप लावणाऱ्यांना होणाऱ्या अठरा विकारांची ही यादी आहे. सर्षपिका, कुंभिका, पुष्करिका, त्वक्पाक इ. विकार साध्य मानले असून मांसार्बुद, मांसपाक, विद्रधी व तिलकालक हे चार असाध्य म्हटले आहेत. या नावांची आधुनिक रोगांशी तंतोतंत सांगड घालणे योग्य होणार नाही. तथापि जननेंद्रियाच्या त्वचेवरील प्रत्येक फोड सारखा नसतो, काही बरे होतात व काही नाहीत आणि यांतील अनेक विकार मनुष्य अज्ञानाने स्वतःच ओढवून घेतो, हे तिन्ही मुद्दे येथे स्पष्टपणे मांडलेले दिसतात. त्यांपैकी शेवटचा मुद्दा आजही जुना झालेला नाही.

सुश्रुताच्या उपदंशाची कारणे मुख्यतः नख, दात इत्यादींमुळे होणारी इजा, अस्वच्छता व दूषित संबंध अशी असून त्याचे दोषानुसार पाच प्रकार केले आहेत. म्हणजे तेथे हा शब्द जननेंद्रियावरील अनेक प्रकारच्या व्रणांसाठी वापरलेला आहे. पुढे मराठीत तोच शब्द एका विशिष्ट रोगासाठी रूढ झाला. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील उपदंश व आजचा उपदंश एकच समजण्याची चूक अनेकदा होते [→ उपदंश].

फिरंगी रोग व उत्तर कोकण : सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाश या ग्रंथात फिरंग नावाच्या एका नव्या रोगाचे वर्णन केले. फिरंगी लोकांच्या संसर्गाने होणारा म्हणून हे नाव पडले. बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव असे त्याचे तीन प्रकार असून पहिला त्वचेपुरता व सुसाध्य, दुसरा सांध्यांत शिरून वेदना देणारा व कष्टसाध्य आणि तिसरा दोन्ही लक्षणे असणारा, असे त्याचे मत होते. रसकर्पूर हे पाऱ्याचे संयुग आणि चोपचिनी ही वनस्पती ही त्याने सांगितलेली प्रमुख औषधे होत.

याच शतकात उत्तर कोकण पोर्तुगीजांच्या अंमलाखाली आले. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याशी झालेल्या तहाने वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांना मिळाला व ठाणे हे जुने बंदर त्यांच्याकडे गेले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकेपर्यंत तेथे पोर्तुगीज सत्ता होती. १५३४ मध्येच गोव्यात आलेला वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्याकडे पुढे मुंबई बेट खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादग्रंथात चोपचिनीवर स्वतंत्र संवाद असून तिचा या नव्या रोगावरील उपयोग त्यात चर्चिला आहे. भावप्रकाशातील औषध गोव्याच्या पोर्तुगीज वैद्यालाही ठाऊक असावे, यावरून रोगाबरोबर त्याची औषधेही सागरी व्यापाराच्या वाटेने फिरत होती, हे लक्षात येते.

लोकभाषेत या रोगाला ‘गरमी’, पूयस्रावी रोगाला ‘परमा’ व जांघेतील सुजलेल्या गाठीला ‘बद’ अशी नावे रूढ झाली. अंगातील उष्णता बाहेर पडते अशी समजूत ‘गरमी’ या नावामागे असल्याने संसर्गाचे कारण झाकले गेले. पाऱ्याच्या उपचाराने तोंड येणे, लाळ गळणे, दात हलणे असे विषारी परिणाम होत. पहिला व्रण काही आठवड्यांत औषधाशिवायही भरून येतो. त्यामुळे उपाय कोणताही केला, तरी तो लागू पडल्याचा भास होई व रोग मात्र शरीरात दबा धरून राही. बरे वाटणे व बरे होणे यांतील हा फरक न कळल्यामुळे शेकडो वर्षे अनेक घरांत रोगाचा वारसा पत्नी व संतती यांच्यापर्यंत पोहोचला.

इंग्रजी अमदानीतील कायदे : इंग्रजांनी १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झाल्यावर पश्चिमी वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण या भागात मिळू लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेथून पुणे व नासिक या दोन दिशांना फाटे फुटल्याने कल्याण हे मोठे जंक्शन बनले. त्यामुळे गावी उपचार न मिळणाऱ्या रुग्णाला मुंबईच्या रुग्णालयात जाणे शक्य झाले. त्याचबरोबर कुटुंब मागे ठेवून गिरण्यांत व गोदीत कामास येणाऱ्या पुरुषांची संख्याही वाढली.

सैनिकांतील गुप्तरोगांच्या प्रमाणामुळे सरकारने १८६४ च्या छावणीविषयक कायद्याने व १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने नियंत्रणाचा प्रयत्न केला. १८६८ चा कायदा मुंबईत १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये स्थगित झाला, १८८० मध्ये पुन्हा अंमलात आला व १८८८ मध्ये रद्द झाला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी व रोग आढळल्यास विशेष रुग्णालयात डांबून ठेवणे असे त्याचे स्वरूप होते. त्यांच्याकडे जाणाऱ्या नागरी पुरुषांच्या तपासणीची तरतूद त्यात नव्हती. रोग दोघांत असता तपासणी एकाचीच, या विसंगतीमुळे कायदा निष्फळ व अन्यायकारक ठरला. रोगाचे मूळ स्त्रीत असते, हा समज त्याने अधिक घट्ट केला. पुरुषाने आपल्या शरीराकडे रोगाचे स्थान म्हणून पाहण्याची सवय यामुळे उशिरा लागली.

रोगजंतूंचा शोध : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत परमा व उपदंश एकाच विषाचे दोन आविष्कार मानले जात. इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्या मतामुळे ही समजूत दृढ झाली होती. फ्रेंच वैद्य फिलीप रिकॉर यांनी १८३८ मध्ये हे दोन रोग भिन्न असल्याचे दाखवून दिले. १८७९ मध्ये आल्बर्ट नाइसर यांनी परम्याचा व १८८९ मध्ये ऑगुस्तो द्यूक्रे यांनी मृदू रतिव्रणाचा जंतू शोधला. १९०५ मध्ये शाउडिन व होफमान यांना उपदंशाचा सर्पिल जंतू सापडला. त्याच वर्षी मद्रास येथे चार्ल्स डॉनोव्हान यांनी जांघेत व जननेंद्रियावर पसरणाऱ्या, मांसांकुरांसारख्या लाल व्रणांतील सूक्ष्म पिंड पाहिले. या रोगाचे वर्णन कलकत्त्यात केनेथ मॅक्‌लाउड यांनी १८८२ मध्येच केले होते. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तपरीक्षा व १९१० मध्ये पाउल एर्लिख यांचे साल्व्हर्सान हे आर्सेनिकयुक्त औषध उपलब्ध झाले. १९४३ मध्ये पेनिसिलिनाने उपदंश बरा होतो असे सिद्ध झाल्यावर पाऱ्याचे व आर्सेनिकाचे युग संपले.

या शोधांमुळे व्रणांच्या लक्षणांनाही अर्थ प्राप्त झाला. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा एकटा, कडक बुडाचा व वेदनारहित असतो; मृदू रतिव्रण दुखरे, मऊ व अनेक असतात आणि जांघेत बद येते; विसर्पी व्हायरसाने होणारे पुरळ बारीक पाणीदार फोडांच्या झुबक्यांच्या रूपात येऊन आग होते व ते पुन्हापुन्हा उद्भवते. न दुखणारा व्रण कमी धोक्याचा, हा सर्वसामान्य समज येथे नेमका उलटा ठरतो.

निरुपद्रवी बदलांची ओळख : रोगांची नावे निश्चित होत असतानाच नैसर्गिक रचनेची नोंदही होत गेली. शिश्नमण्याच्या कडेवर एक वा दोन ओळींत दिसणारे, मोत्यांसारखे चमकणारे, टाचणीच्या डोक्याएवढे एकसारखे उंचवटे अठराव्या शतकाच्या आरंभापासून शारीरज्ञांना ठाऊक होते. १९६४ मध्ये जॉन्सन व बॅक्स्टर यांनी त्यांना ‘मौक्तिक पीटिका’ या अर्थाचे नाव दिले. अनेक तरुणांत आढळणारे हे उंचवटे संसर्गजन्य नसतात व वयपरत्वे कमी होतात. तरीही त्यांना चामखीळ समजून जाळण्याचे प्रकार घडतात. चामखिळी मात्र अनियमित, खरबरीत, कोबीच्या फुलासारख्या असून संख्येने व आकाराने वाढत जातात.

अमेरिकन त्वचारोगतज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये दोन निरुपद्रवी खुणांचे वर्णन केले. पहिली खूण म्हणजे केसांशी संबंध नसलेल्या तैलग्रंथींचे पिवळसर पांढरे कण. फोर्डाइस यांनी ते ओठांवर पाहिले. ते शिश्नाच्या त्वचेवरही असतात व त्वचा ताणली की अधिक स्पष्ट दिसतात. दुसरी खूण म्हणजे मुष्कावर मध्यमवयानंतर येणारे गडद लाल वा जांभळे ठिपके. हे ठिपके रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे असून क्वचित खाजविल्याने रक्त येते, एवढाच त्यांचा त्रास असतो. मुष्कावरील कठीण, पांढऱ्या, न दुखणाऱ्या गाठी बहुधा त्वचेतील पुटी असतात. जोरकस घर्षणानंतर शिश्नमण्यामागे दोरीसारखी जाणवणारी लसीकावाहिनी काही आठवड्यांत आपोआप मऊ पडते.

बालकांतील अग्रत्वचेविषयीचा गैरसमजही विसाव्या शतकात दूर झाला. जन्मतः अग्रत्वचा शिश्नमण्याला चिकटलेली असते व ती वयाबरोबर हळूहळू सुटते, असे ब्रिटिश बालरोगतज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये दाखविले. ती बळाने मागे ओढल्यास चिरा पडून व्रण होतो व पुढे खरीखुरी आकुंचित अग्रत्वचा निर्माण होते.

मराठी समाज व लैंगिक आरोग्याची चर्चा : वैद्यकीय ज्ञान वाढले, तरी ते सामान्य माणसापर्यंत पोहोचण्यास भाषेचा व लज्जेचा अडसर होता. तो दूर करण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी केला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२७ मध्ये समाजस्वास्थ्य हे मासिक काढले, ते मृत्यूपर्यंत चालविले. गुप्तरोगांपासून बचाव या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. वाचकांच्या खाजगी शंकांना मासिकातून दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. खटल्यात कर्वे यांना यश आले नाही. तथापि डॉक्टरला विचारता न येणारी गोष्ट छापील पानाला विचारण्याची गरज किती मोठी होती, हे त्यामुळे समाजासमोर आले. मुंबईतच १९३५ मध्ये डॉ. यू. बी. नारायणराव यांनी गुप्तरोगविषयक भारतीय नियतकालिक सुरू केले. पुढे त्यात त्वचारोगांचाही समावेश झाला व १९७३ मध्ये या दोन्ही शाखांतील तज्ञांची एकच अखिल भारतीय संघटना अस्तित्वात आली. जननेंद्रियावरील प्रत्येक पुरळ गुप्तरोगच असतो असे नाही, हे तत्त्व या एकीकरणामुळे व्यवहारात उतरले.

कर्करोगाचे आकलन : त्वचेच्या कर्करोगाचे बाह्य कारण प्रथम ज्ञात झाले, ते मुष्काच्याच बाबतीत. १७७५ मध्ये लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या मुष्कावरील व्रण काजळीमुळे होतो असे दाखवून दिले. पुढे कापडगिरण्यांत चात्यांच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंग्लंडमधील कामगारांतही खनिज तेलामुळे तसाच कर्करोग आढळला. मुष्काची पातळ, सुरकुत्यांची त्वचा अशी द्रव्ये धरून ठेवते, हे त्याचे कारण होय.

शिश्नाचा कर्करोग पश्चिमी देशांत विरळ, पण भारतात तुलनेने अधिक आढळतो. परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर या रोगाचा पद्धतशीर अभ्यास शक्य झाला. तेथील जे. सी. पेमास्टर व पी. गंगाधरन यांनी १९६७ मध्ये भारतातील शिश्नकर्करोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी स्थापिली व १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बालपणी सुंता झालेल्यांत हा रोग फारच थोडा व आकुंचित अग्रत्वचा असणाऱ्यांत अधिक आढळतो. अग्रत्वचेखाली मळ साचणे, दीर्घकाळ दाह व तंबाखूचे सेवन ही त्याची साहाय्यक कारणे आहेत. अग्रत्वचा सहज मागे जात असेल व रोज स्वच्छ धुतली जात असेल, तर धोका बराच कमी होतो.

कर्करोगाच्या पूर्वावस्थाही क्रमाने ओळखल्या गेल्या. शिश्नमण्यावरील मखमली लाल चट्ट्याचे वर्णन १९११ मध्ये फ्रेंच वैद्य केरा यांनी केले. त्याच्यासारखाच दिसणारा, पण निरुपद्रवी असा दाह डच वैद्य झून यांनी १९५२ मध्ये वेगळा काढला. दोन्ही डोळ्यांना सारखे वाटू शकतात. त्यांतील भेद जीवोतक परीक्षेनेच (ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) निश्चित होतो. अग्रत्वचेवर व शिश्नमण्यावर पांढुरके, कागदासारखे पातळ व आक्रसणारे चट्टे पाडणारा रोगही दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवावा लागतो. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या १६ व्या प्रकाराचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविला व २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शिश्नाच्या कर्करोगांपैकी बऱ्याच रुग्णांतही हाच व्हायरस आढळतो. साध्या चामखिळी मात्र मुख्यतः ६ व ११ या प्रकारांनी होतात. या प्रकारांविरुद्धची भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. ती मुलींप्रमाणे मुलांनाही देता येते.

स्वातंत्र्योत्तर ठाणे, कल्याण व डोंबिवली : दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन ठाण्याची वागळे वसाहत व पुढे डोंबिवलीची वसाहत यांत यंत्र, रंग व रसायन उद्योग वाढले. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये स्थापन झाली. उपचारांसाठी मुंबईवर अवलंबून असलेल्या या भागास १९९२ मध्ये कळवा येथील वैद्यकीय महाविद्यालयामुळे स्थानिक शिक्षण-रुग्णालय मिळाले.

या परिस्थितीने त्वचाविकारांचे स्वरूपही बदलले. कारखान्यात तेल, रंग वा रसायन हाताळणाऱ्याच्या हातावाटे ते द्रव्य जननेंद्रियाच्या नाजूक त्वचेला लागून दाह होतो. म्हणून अशा कामगाराने लघवीनंतरच नव्हे, तर लघवीपूर्वीही हात धुणे आवश्यक असते. कोकणपट्टीच्या दमट हवेत, घट्ट कपड्यांत व गर्दीच्या लोकलप्रवासात जांघेतील नायटा सहज बळावतो. त्यावर औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेली स्टेरॉइडयुक्त मलमे खाज तात्पुरती थांबवितात, पण बुरशी पसरते, त्वचा पातळ होते व रोगाचे मूळ रूपच ओळखू येईनासे होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या अनुसूचीत घातली. अग्रत्वचेला वारंवार चिरा पडणे, लाली व दह्यासारखा थर येणे ही बैठ्या नागरी जीवनात वाढलेल्या मधुमेहाची पहिली खूण असू शकते. वेदनाशामक वा प्रतिजैव औषधे घेतल्यावर दरवेळी त्याच जागी उठणारा गोल, काळपट चट्टा ही औषधाची प्रतिक्रिया असून तिचा गुप्तरोगाशी संबंध नसतो.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला. जननेंद्रियावर व्रण असल्यास या व्हायरसाचा शिरकाव अधिक सुलभ होतो, हे लक्षात आल्यावर साध्या व्रणाच्या उपचारालाही नवे महत्त्व आले. मुंबई–आग्रा महामार्ग, कल्याण जंक्शन व भिवंडीचे यंत्रमाग यांमुळे घरापासून दूर राहणारा मोठा श्रमिकवर्ग या जिल्ह्यात होता. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्‌स नियंत्रण संघटना व १९९८ मध्ये महाराष्ट्राची राज्य संस्था स्थापन झाली. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ या केंद्रांत लक्षणसमूहानुसार उपचाराचे सात रंगांचे औषधसंच विनामूल्य देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. रुग्णाबरोबर त्याच्या जोडीदाराचाही उपचार हे तिचे मूलतत्त्व असून १८६८ च्या कायद्यातील एकांगी दृष्टीचा तो खरा निरास होय.

भोंदूगिरीचा प्रश्न मात्र कायम राहिला. गुप्तरोगांवर खात्रीच्या इलाजांच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने निषिद्ध आहेत व नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करणे १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यान्वये गुन्हा आहे. तरीही लोकलच्या डब्यांत व स्थानकांजवळच्या भिंतींवर अशी पत्रके वर्षानुवर्षे दिसत आली. त्यांचे मुख्य भांडवल रोग नसून लाज हे आहे. मौक्तिक पीटिका किंवा तैलग्रंथींचे कण घेऊन आलेल्या निरोगी तरुणाला ‘रोग’ सांगून त्यावर उपचार करणे सर्वांत किफायतशीर असते, कारण जे नव्हतेच ते बरे झाले असे म्हणता येते.

निदानाचे आजचे निकष : वरील सर्व इतिहासातून काही व्यवहार्य निकष निष्पन्न झाले आहेत. जी खूण तारुण्यापासून आहे, दोन्ही बाजूंना सारखी आहे, आकाराने बदलत नाही व दुखत किंवा चिघळत नाही, ती बहुधा निरुपद्रवी असते. एकाच बाजूचा कोड पडल्यासारखा पांढरा डाग संसर्गजन्य नसला, तरी तो कोडच आहे की आक्रसणाऱ्या चट्ट्याचा आरंभ, हे तज्ञाने पाहावे. रात्री वाढणारी खाज, घरातील इतरांनाही खाज व शिश्नावर वा मुष्कावर खाजऱ्या गाठी ही खरजेची लक्षणे असून सर्व कुटुंबाने एकाच वेळी उपचार घेतल्यासच ती जाते.

पुढील बदल मात्र विनाविलंब दाखविले पाहिजेत : दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, मग तो दुखो वा न दुखो, सहज रक्त येणारा किंवा वाढत जाणारा मांसांकुर, मलमाने न जाणारा लाल वा पांढरा चट्टा, रंग, कड किंवा आकार बदलणारा काळा डाग, पूर्वी मागे जाणारी अग्रत्वचा प्रौढ वयात नव्याने आवळणे व तिच्याखालून दुर्गंधी स्राव येणे, जांघेत कडक गाठ येणे, तळहात-तळपायांवर न खाजणारे पुरळ उठणे. मागे सरकलेली अग्रत्वचा अडकून सूज आल्यास, म्हणजे सुश्रुताने वर्णिलेली परिवर्तिका झाल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. मुष्क व शिश्न यांवरील लाली तीव्र वेदना व तापासह झपाट्याने काळी पडू लागली, तर तो ऊतकमृत्यू घडविणारा प्राणघातक संसर्ग असू शकतो. विशेषतः मधुमेही रुग्णात काही तासांचा विलंबही महागात पडतो.

कर्करोग अवयवापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात व अनेकदा अवयवाचा मोठा भाग वाचविता येतो. तो जांघेतील लसीका ग्रंथींत पसरल्यावर ही आशा पुष्कळ कमी होते. या दोन अवस्थांमधील काळ बहुतेक रुग्णांच्या बाबतीत लपविण्यात गेलेला असतो. रोगजंतू सापडले, औषधे मिळाली, लस निघाली व रुग्णालय घराजवळ आले. उरलेले अंतर शब्दांचे आहे. ‘गरमी’, ‘परमा’, ‘बद’ असे आडपडद्याचे शब्द वापरणाऱ्या समाजात व्रण, चट्टा व चामखीळ यांविषयी संकोच न बाळगता डॉक्टरांशी बोलण्याची सवय रुजणे हाच या विषयाच्या इतिहासातील पुढचा आवश्यक टप्पा आहे.